गिरणीकाकांची छाती

“नवं बनियन घालू की जुनं?” ह्यांनी दोन हातांत दोन बनियनं धरून मला विचारलं.

“कुठलंही घाला. तिथे गेल्यावर काढायचंच आहे.”

“काढताना दिसतं ना पण.”

“मग नवं घाला. आणि किल्ली कुठे ठेवलीत?”

ह्यांनी दोन्ही बनियनं खाटेवर टाकली. माझा नवरा आरशासमोर उघडाच उभा होता. गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली, डाव्या बाजूला तळहात ठेवून, डोळे बारीक करून तो काहीतरी शोधत होता. पाकीट हरवलेला माणूस खिसे चाचपतो, तसा. मागचा दीड महिना हे रोज चाललं होतं.

“नाहीये तिथे,” मी म्हटलं. “बंद पडली गिरणी. आता परीक्षेला जाऊन काय दाखवणार आहात?”

“साहेबांनी बोलावलंय. सिस्टरचा फोन आला, तू ऐकलास ना?”

“साहेब विसरले असतील.”

“विसरले असतील तर तिथे जाऊन आठवण करून देऊ. तोपर्यंत चहा तर मिळेल.” त्यांनी नवं बनियन चढवलं आणि चेहरा असा केला, की पुढे बोलायची सोय राहिली नाही.

ह्यांचा धंदा फोटोच्या फ्रेमा बनवायचा. मेडिकल कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर दुकान आहे. काच कापायची, लाकडी पट्ट्या कोनात कापून जोडायच्या, मागे पुठ्ठा ठोकायचा. दुकानाला नाव आहे, पण ते कुणी वाचत नाही. पोरं नुसतं ‘गिरणीकाकांकडे’ म्हणतात. त्याचं कारण ह्यांच्या छातीत होतं.

जन्माला आल्यावर थोड्याच दिवसांत आपोआप मिटून जावी अशी एक बारीक नळी सगळ्यांच्या काळजाजवळ असते म्हणे. ह्यांची मिटली नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हा पहिल्यापासूनच एक काम वेळेवर करेल तर शपथ. त्या उघड्या नळीतून रक्त वाहताना आवाज यायचा. आपलं काळीज दोन ठोके देतं आणि मध्ये जरा दम खातं. ह्यांचं दम खात नव्हतं. लांब कुठेतरी गिरणी चालू असावी तशी घरघर अखंड चालायची, आणि तिथे हात ठेवला तर झोपलेल्या मांजराच्या पाठीवर ठेवल्यासारखं थरथरायचं. लग्न झाल्यावर मला वाटलं, सगळ्याच पुरुषांच्या छातीत असा आवाज येत असेल. विचारणार कुणाला? पुढे एकदा ताप आला म्हणून ह्यांना दवाखान्यात नेलं, तर तिथले डॉक्टर आवाज ऐकून इतके खूश झाले, की त्यांनी बाकीच्या डॉक्टरांना हाका मारून बोलावलं. ताप राहिला बाजूला.

तेव्हापासून हे परीक्षेचे पेशंट झाले. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांची शेवटची परीक्षा नुसती पेपरावर होत नाही. खाटांवर खरी माणसं झोपवतात. पोरांनी एकेकाला तपासायचं, डोळ्यांना काय दिसलं, हाताला काय लागलं, कानाला काय आलं ते क्रमाने कागदावर मांडायचं, आणि मग परीक्षकांसमोर उभं राहून त्या कागदाची जबाबदारी घ्यायची. ह्यांची छाती म्हणजे त्यातलं हमखास येणारं गणित. त्या मानाचं ह्यांना काय अप्रूप. आदल्या दिवशी केस कापून घ्यायचे, नखं काढायची, सकाळपासून कांदा वर्ज्य. लग्नाला एवढी तयारी केली नव्हती.

शिवाय हे पोरांना मदत करायचे. तसं चालत नाही, पेशंटने तोंड उघडायचं नसतं. पण एखादं पोर घाबरून भलतीकडेच ऐकत बसलं, की ह्यांना नेमकी डाव्या हाडाखाली खाज यायची. पोर तिथे स्टेथोस्कोप लावायचं आणि त्याच्या चेहऱ्यावर दिवा लागायचा. मग निकालानंतर तेच पोर पदवीचा कागद घेऊन दुकानात फ्रेम करायला यायचं. “ही माझी,” असं हे मला प्रत्येक फ्रेम दाखवून सांगायचे. जणू कागदावर दोघांची नावं आहेत.

मग ह्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. मोठे डॉक्टर, ज्यांना हे ‘साहेब’ म्हणतात, ते म्हणाले, “काका, आता बुजवून टाकू.” छातीला चाकूही लावला नाही. मांडीच्या शिरेतून एक तार वर नेली आणि त्या नळीला आतून बूच लावलं. जेवायच्या वेळेपर्यंत सगळं उरकलं. साहेबांनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, ऐकलं आणि हसून म्हणाले, “शांतता.”

घरी सगळ्यांना आनंद झाला, ह्यांना सोडून. म्हणजे जिना धाप न लागता चढता येतो ह्याचा आनंद होता, पण तो मोजकाच. “आता मी काय, कुणीही,” ते एकदा म्हणाले. मी म्हटलं, “कुणीही असणं वाईट नसतं, मी इतकी वर्षं तेच करतेय.” ते हसले नाहीत. माझीही झोप उडाली होती, पण ते मी बोलले नाही. इतकी वर्षं गिरणी ऐकत झोपलेल्या बाईला शांततेत झोप लागत नाही.

तर नवं बनियन घालून आम्ही निघालो. किल्ली ह्यांच्याच खिशात होती.

परीक्षेच्या वॉर्डात हिरवे पडदे लावून खाटा वेगळ्या केल्या होत्या. सिस्टरने ह्यांना नेहमीची खिडकीजवळची खाट दिली आणि मला पायथ्याशी स्टूल. “काकू, तुम्ही बसा, पण बोलू नका,” ती म्हणाली. दरवर्षी म्हणते.

थोड्या वेळाने साहेब आले. उंच, किंचित वाकलेले, चष्मा कपाळावर.

“साहेब, तुम्ही विसरला बहुतेक,” हे उठून बसत म्हणाले. “माझं ते बूच—”

“मीच लावलंय काका, विसरेन कसा? झोपा.” त्यांनी पडदा नीट ओढून घेतला. “आज तुम्ही तसेच हवे आहात. तुमच्या छातीचं उत्तर पोरांना पाठ आहे. वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला दिलंय, जुन्या पुस्तकांबरोबर. कुणी ऐकतच नाही. कान लावायचा, मनातल्या मनात एक ते दहा म्हणायचं आणि पाठ केलेलं लिहायचं. बघू या आज कोण ऐकतंय.”

ह्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे पोरांना पाडायला बोलावलंत मला.”

“ऐकायला शिकवायला बोलावलंय.”

“साहेब, माझ्या खाटेवरून आजवर एक पोर नापास होऊन गेलेलं नाही.”

“माहितीये. तुमची खाजही मला माहितीये.” साहेबांनी चष्मा डोळ्यांवर आणला. “आज दोन्ही हात डोक्याखाली. या खाटेवर प्रश्न विचारायचे नाहीत, पेशंटने काही सांगायचं नाही. फक्त तपासायचं आणि सापडेल ते लिहायचं. काकू, तुम्ही लक्ष ठेवा ह्यांच्यावर.”

साहेब गेले. हे छताकडे बघत पडले.

“घरी जायचं का?” मी हळूच विचारलं.

“आता कसं जाणार? एकाने तरी खरं लिहायला पाहिजे गं. निदान एकाने.” मग जरा थांबून म्हणाले, “नाहीतर आजवर मी फ्रेमा केल्या त्या कसल्या डॉक्टरांच्या?”

पहिला मुलगा आला तो वाऱ्यासारखा. केसांना तेल नाही पण चमक भरपूर, पांढऱ्या कोटाला कडक इस्त्री. ह्यांना बघून त्याचा चेहरा असा खुलला, की मामाच्या घरी आल्यासारखं त्याला वाटलं असावं. गिरणीकाका मिळाले म्हणजे पेपर फुटल्यातच जमा. त्याने नाडी धरली, पोटावर दोन टिचक्या मारल्या आणि थेट डाव्या हाडाखाली स्टेथोस्कोप ठेवला. हे त्याच्याकडे डोळे मोठे करून बघत होते. पोराने ते प्रोत्साहन समजून मान हलवली आणि खाटेच्या टोकाला फळीवर कागद ठेवून तोंडाने पुटपुटत लिहायला लागला. यंत्रासारखी अखंड घरघर. तळहाताला थरथर लागते.

तळहात त्याने ठेवलाच नव्हता.

दुसरा आला, त्याने निदान हात ठेवला. भुवई जरा वर गेली. पुन्हा ठेवला. मग त्याने पडद्याच्या फटीतून पहिल्याकडे बघितलं, पहिल्याने अंगठा दाखवला, आणि ह्यानेही लिहून टाकलं. तिसऱ्याने तर ऐकताना डोळे मिटून मान डोलावली, गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखी. काय ऐकत होता देव जाणे.

हे कासावीस झाले होते. डोक्याखालचा एक हात सुटून बाहेर आला, तशी मी खाकरले. हात परत गेला.

“पाणी देऊ?” मी विचारलं.

“गप बस,” हे म्हणाले. “खाज येतेय. खरीच.”

मग एक मुलगी आली. जाड काचांचा चष्मा, कोट बहुधा मोठ्या बहिणीचा, बाह्या दुमडलेल्या. आत आल्यावर तिने पहिल्यांदा दोन्ही हात एकमेकांवर चोळले.

“काका, हात गार आहेत माझे. चालेल?”

पेशंटने बोलायचं नव्हतं. ह्यांनी मान हलवली. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

तिने नखं बघितली, पापणी खाली ओढून डोळा बघितला, नाडी दोन्ही मनगटांची एकदम धरली. सगळं सावकाश, कोनात पट्टी बसते की नाही हे बघावं तसं. मग हाडाखाली तळहात ठेवला आणि वाट बघितली. हात उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. मग स्टेथोस्कोप. डावीकडे, उजवीकडे, मध्ये, खाली, काखेजवळ, पाठीवर. ह्यांना बसवून ऐकलं, झोपवून ऐकलं, श्वास धरायला लावून ऐकलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला.

तिला सांगितलेलं असणार. काकांकडे बघ, काका खाजवतात. ती ह्यांच्या हाताकडे बघत होती. ह्यांचे हात डोक्याखाली घट्ट, कोपरं दोन्ही बाजूंना, आणि डोळे छताला. माझ्या नवऱ्याला मी आजारपणातही इतके हाल सोसताना बघितलं नव्हतं.

पडद्याबाहेरून सिस्टर म्हणाली, “झालं का गं? लिही पटकन.”

“थांबा. अजून ऐकतेय.”

तिने स्टेथोस्कोपची नळी वाकवून बघितली, कानातली टोकं फुंकली. मग स्वतःच्या छातीवर लावलं. ऐकलं. तरी समाधान होईना. तिचं स्वतःचं काळीज तर घाबरून धावतच होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर आली.

“मावशी, एक मिनिट तुमचं ऐकू का?”

“माझं?”

“प्लीज. मला कळत नाहीये माझं ऐकण्यात चुकतंय का.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी डोळ्यांनी असा होकार दिला, की तसा त्यांनी लग्नाच्या वेळीही दिला नव्हता. मी पदर जरा बाजूला केला. गार चकती हाडाखाली टेकली. पोरगी खाली वाकून माझं ऐकत होती आणि मी तिच्या केसांतला भांग बघत होते. माझ्या छातीत कुणी कधी इतकं लक्ष घालून काही शोधलं नव्हतं. मनात आलं, आता हिला माझ्यातच काही सापडलं तर पुढच्या वर्षी ही खाट मला मिळेल, आणि हे स्टुलावर बसतील तोंड पाडून.

ती सरळ झाली. वळून पुन्हा ह्यांचं ऐकलं. मग परत माझं. मग ह्यांचं. आणि तिचे खांदे खाली आले.

तिने कागद ओढला. पेन टेकवलं, उचललं. बाहेर तिघांनी काय लिहिलंय हे तिला माहीत होतं, सगळ्या कॉलेजलाच माहीत होतं. मला तिचा कागद दिसत होता. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं ते सरळ. थरथर नाही. दोन्ही ठोके नीट ऐकू येतात. जादा आवाज नाही.

ह्यांनी छताकडे बघत एवढा मोठा श्वास सोडला, की पडदा हलला.

साहेब आले तेव्हा त्यांच्या हातात आधीच्या तिघांचे कागद होते. त्यांनी तिचा वाचला, चष्मा कपाळावर ढकलला.

“आवाज नाही?”

“नाही सर.”

“हे गिरणीकाका आहेत. माहितीये ना तुला?”

“माहितीये सर.”

“या तिघांना आला ऐकू. मलाही वीस वर्षं येतोय. तुलाच नाही?”

तिचा चेहरा पांढरा पडला. हे उठून बसायला लागले, मी त्यांचा पाय दाबून धरला.

“पूर्वी असेल सर,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण मागे फिरला नाही. “आज नाहीये. मी मावशींचं पण ऐकून बघितलं. दोघांचं सारखंच आहे.”

साहेबांनी पडदा कडीवरून सर्रकन बाजूला केला आणि त्या तिघांना आत बोलावलं. “लावा कान. सगळ्यांनी. आणि या वेळी दहा म्हणू नका मनात.”

तिघांनी तीन बाजूंनी स्टेथोस्कोप लावले. गाईच्या आचळांना वासरं भिडावीत तशी मला ती दिसली. इस्त्रीवाल्याचा रंग कानांपासून उतरायला लागला.

“सर, हे तर...” तो म्हणाला.

“हो.”

“मग काकांची ती घरघर?”

आता बोलायला हरकत नाही हे साहेबांच्या मानेवरून ह्यांना कळलं. “बूच लावलं बाबा,” हे ओशाळून म्हणाले. “दीड महिना झाला. तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहूनच गेलं. चुकलं माझं.”

बरा झाल्याबद्दल माफी मागणारा माणूस मी तेव्हाच पाहिला.

ती चष्मेवाली पुढे आली. “म्हणजे काका, तुम्ही बरे झालात,” ती म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागली. “मला वाटलं माझे कान गेले. तुम्ही बरे झालात म्हणून ऐकू येत नव्हतं.”

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटतं ती बातमी त्यांना त्या क्षणी पोहोचली. दीड महिना आधी साहेबांनी सांगितली होती, घरच्यांनी सांगितली होती, मी तर रोज सांगत होते. पण इतक्या मेहनतीने शोधून, घाम पुसत, कुणी सांगितली नव्हती.

“बरा झालो की मी,” हे म्हणाले.

“साहेब, ह्या तिघांना नापास करू नका पण,” लगेच पुढचं वाक्य. खाटेवरचा मानकरी जागा झाला होता.

“नापास कोण करतंय? मार्क कापणार, कान नाही कापणार,” साहेब म्हणाले. हातातल्या कागदांतला इस्त्रीवाल्याचा वर काढून त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली. “थरथर तळहाताला लागते म्हणे. हात कुठे होता तेव्हा?”

“खिशात, सर.”

सिस्टरसुद्धा हसली.

निघताना ह्यांनी दाराशी थांबून चाचरत विचारलं, “साहेब, मग पुढच्या वर्षी...”

“या की. दरवर्षी एक बरा माणूस लागणारच मला आता. आजारी शोधणं सोपं असतं काका. या माणसाला काही नाही, हे लिहायला पोरांच्या पोटात गोळा येतो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्हीही या. ताडून बघायला, मापाला.”

घरी परतताना ह्यांनी जिना मुद्दाम भराभर चढला आणि वर उभं राहून माझी वाट बघितली. मला धाप लागली होती.

“तुझी नळी बघायला पाहिजे,” हे म्हणाले.

“मला मापाला बोलावलंय. तुम्ही तुमचं बघा.”

जेवण झाल्यावर हे नवं बनियन काढून आडवे झाले. दुपारचं ऊन खिडकीतून खाटेवर आलं होतं. हाताला आज पहिल्यांदाच हाडाखाली जायची घाई नव्हती. तो पोटावर स्वस्थ पडला होता. त्या पोरीची फ्रेम कुठल्या लाकडाची करायची, ह्यावर त्यांचं एकट्याचंच चाललं होतं. गडद नको, हलकं लाकूड, काच चांगली, चकाकी न मारणारी. निकाल लागायचा होता, पण पट्ट्या कापूनही झाल्या होत्या, मनात.

मी भांडी विसळून हात पुसले आणि जाऊन शेजारी बसले. मग वाकून, पूर्वी ठेवायची तिथेच कान ठेवला. दीड महिना ठेवला नव्हता. काही नसलेलं ऐकायला जीव धजत नव्हता.

आधी काहीच आलं नाही. मग खालून, लांबून, एक ठोका आला. पाठोपाठ दुसरा. मग थोडी जागा. पुन्हा दोन.

“काय लिहिशील?” हे वरून म्हणाले. बोलल्यावर छाती गुणगुणली.

“बोलू नका,” मी म्हटलं. “अजून ऐकतेय.”